पंधरा दिवस म्हणजे पंधराच दिवस! ढेकणांचा माझा अनुभव

पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या कार्डावर बॉलपेनने लिहिलेलं आहे: ‘दुसरी फवारणी ७/९’. ते कार्ड अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मुद्दाम काढलेलं नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. मे २०२४ मध्ये मुलगा पुण्याच्या होस्टेलवरून सगळं बोचकं घेऊन डोंबिवलीला घरी आला आणि जुलैपासून माझ्या दंडावर ओळीने तीन-तीन गांधी उठायला लागल्या. सगळे म्हणाले, पित्त. महिनाभर आमसुलाचं पाणी चोळलं. त्याच गादीवर झोपणाऱ्या नवऱ्याला काहीच नाही, म्हणून मीही पित्तच धरून चालले. (चावत दोघांनाही होते. काहींच्या अंगावर उठतच नाही, हे नंतर कळलं.) एकदा चादर बदलताना गादीच्या शिवणीवर पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके दिसले. ओल्या फडक्याने पुसले तर तांबूस फरकटले. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे माझंच पचलेलं रक्त. दिवाणाचा प्लाय उचलला, तर स्क्रूच्या भोकांत आजोबा-नातवंडांसकट खटलं नांदत होतं.

सासूबाईंना तर जुनं कोणी भेटल्यासारखं झालं. गिरगावच्या चाळीत खाटा गच्चीवर नेऊन सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे म्हणे. पण त्या खाटा लोखंडी होत्या, माझा दिवाण प्लायचा. शेजारच्या काकूंनी धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवायला सुचवल्या. कृपा करून हे कोणी करू नका. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, त्यांच्या वायूने बंद घरातली माणसं गेली आहेत. ढेकूण चावून आजार पसरत नाही, मग त्याच्यासाठी जीव कशाला द्यायचा?

२४ ऑगस्टला पहिली फवारणी झाली. आलेला मुलगा चांगला होता, त्यानेच समजावलं: औषधाने ढेकूण मरतात, अंडी बरीचशी वाचतात. ती आठ-दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. दुसरा हात मारायचा तो या मधल्या काळात. पंधरा दिवसांनी, सात सप्टेंबरला.

सात सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. हे त्याच्या लक्षात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

पाच तारखेला फोन केला तर, “मॅडम, सगळी पोरं कोकणात गेली.” बरं, बाप्पाचं आपण समजू शकतो. गौरी-विसर्जनानंतर? “अनंत चतुर्दशी होऊ द्या.” ती झाली सतराला. अठराला फोन उचलला नाही. एकोणीसला “उद्या नक्की.” वीसला मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी बसले, भांडी-कपाटं झाकून ठेवली, कोणी आलं नाही. मग मशीन बिघडलं, मग गाडी बंद पडली. इकडे तिळाएवढी फिकट पिल्लं गादीच्या काठावर दिसू लागली होती आणि मी रात्री दोनला टॉर्च घेऊन त्यांना सेलोटेपवर चिकटवत होते. प्रत्येक “उद्या” मला अंड्यांच्या हिशेबात ऐकू यायचा.

शेवटी २८ तारखेला, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी, एक नवाच माणूस आला आणि दारात म्हणाला, “वॉरंटी तीस दिवसांची होती. आता नवीन चार्ज लागेल.”

मी मोबाइल काढला. पाच तारखेपासूनचे सगळे मेसेज त्याला तिथेच वाचून दाखवले, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तोपर्यंत मी सोसायटीत कोणाला कळू नये म्हणून मरत होते! त्या दिवशी लाज संपली. त्याने मालकाला फोन लावला, दहा मिनिटं जिन्यात कुजबुजला आणि आत येऊन मुकाट्याने फवारणी केली. म्हणून सांगते, फोनवर बोललात तरी पाठोपाठ मेसेज टाका. आणि तारीख घेताना आधी कालनिर्णय बघा.

मधल्या पस्तीस दिवसांत ते पुन्हा रुजले असणार, म्हणून तिसरी फवारणी मी पैसे देऊन घेतली, १३ ऑक्टोबरला. पैसे मिळणार म्हटल्यावर माणूस दहा मिनिटं आधी हजर.

हो, गणपतीला दिरांकडे जायचं होतं, ते राहिलंच. कपडे कडकडीत इस्त्री करून नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेले. ढेकूण उष्णतेला टिकत नाही, पन्नास अंशांच्या वर मरतो. नुसती गादी उन्हात टाकून मात्र भागत नाही, ते खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात. वैतागून हॉलमध्ये झोपायला जाऊ नका, मी दोन रात्री गेले आणि सोफ्यातही नेऊन ठेवले. पलंगाच्या पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकचे डबे ठेवून आत टाल्कम पावडर लावा. त्यांना चढता येत नाही, आणि किती उरलेत तेही समजतं.

माझे डबे ऑक्टोबरअखेरपासून रिकामे आहेत. तरी रोज बघते.

दिवाळीच्या आधी त्याच कंपनीतून फोन आला. दिवाळी ऑफर, वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट, पंधरा टक्के सूट. मी म्हटलं, “अनंत चतुर्दशी होऊ द्या.”