बाबांनी चार्ज दिला

न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमरचं निदान सांगितलं, औषधं लिहून दिली आणि कागद पुढे सरकवताना म्हणाले, "बँकेची, घराची जी कामं असतील ती आत्ताच उरकून घ्या. आज यांना समजतंय, समजून सही करता येतेय. पुढचं सांगता येत नाही." औषधांबद्दलचे प्रश्न आम्ही लिहून नेले होते. त्यात बँकेबद्दल एकही नव्हता.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, लक्षणांची यादी आता मराठीतही कुठेही वाचायला मिळते; अल्झायमर हा त्यातलाच एक आजार. निदानानंतरचे पहिले काही महिने, म्हणजे माणूस अजून स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो तो काळ, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. बहुतेक घरांत तो काळ दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात आणि 'ब्राह्मी देऊन बघा' ऐकण्यात जातो.

बाबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ मिरजेत गेला. एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांवरच्या गाड्या यायच्या, आणि तेव्हाचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. २०२१च्या सुमाराला असं झालं की १९७०ची गाडी आठवायची, पण सकाळी पेन्शन काढून आणलंय हे आठवायचं नाही. दुपारी पासबुक घेऊन पुन्हा निघायचे. लाइटबिल दोनदा भरलं गेलं. आई म्हणायची, वय झालं, चालायचंच.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थेट 'डिमेन्शिया' म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यांनी आधी रक्त तपासलं: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. बाबा पडले होते का, उदास असतात का, झोपेची गोळी घेतात का, हेही विचारलं. कारण थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीच्या आत साकळलेलं रक्त यांनीही माणूस असाच विसरायला लागतो, आणि त्यांवर उपचार असतात. बी-१२ कमी निघालं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. इंजेक्शनांनी पायाच्या मुंग्या गेल्या, विसरणं तसंच राहिलं. मग एमआरआय आणि ती तीस गुणांची तोंडी परीक्षा: आजची तारीख, शंभरातून सात वजा करत जा, मघाचे तीन शब्द सांगा. नंतर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं. रजिस्टरात प्रत्येक गाडीचा मिनिटा-मिनिटाचा हिशेब लिहिलेल्या माणसाने सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. खोलीतलं कुणीच काही बोललं नाही.

बंगळुरूहून आलेल्या दादाचं म्हणणं होतं, बाबांना सांगायचं नाही. पण बाबांनीच डॉक्टरांना सरळ विचारलं आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आता चार्ज द्यायचा."

रेल्वेबाहेरच्या लोकांसाठी सांगते. ड्युटी संपताना स्टेशन मास्तर येणाऱ्या मास्तरला चार्ज देतो. कुठली लाइन अडलेली आहे, कुठली गाडी निघालीय, किल्ल्या कुठे आहेत, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या होतात. तोंडी चार्ज चालत नाही. बाबांनी दोनशे पानी वही काढली आणि आईला शेजारी बसवून लिहायला घेतलं. दुपारी डोकं थकायचं, म्हणून सकाळचा वेळ ठरवला. एकच गोष्ट पुन्हा लिहिली गेली तरी आईने खोडली नाही.

वहीतून जे निघालं त्यातलं बहुतेक कुठल्याही घरात निघेल. पेन्शनचं खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर होतं. केंद्र सरकारी पेन्शनरला ते जोडीदाराबरोबर संयुक्त करता येतं. आम्ही ते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घेतलं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एक, किंवा मागे राहील तो, व्यवहार करू शकतो. ठेवींची गोष्ट थोडी वेगळी. अशा संयुक्त ठेवीची मुदत संपली की एकाची सही चालते, मुदतीआधी मोडायची तर दोघांची लागते. म्हणून आपोआप नूतनीकरण बंद करून मुदतीला पैसे बचत खात्यात येतील असं लिहून दिलं. नॉमिनी सगळीकडे तपासले. एका जुन्या खात्यावर बाबांच्या आईचं, म्हणजे आमच्या आजीचं नाव निघालं. तिला जाऊन जमाना झाला.

नातेवाइकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला: कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून टाका, झालं. सांगलीचे वकील हसले. आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन ढळलं की ते मुखत्यारपत्रच संपतं. म्हणजे खरी गरज पडते नेमकं तेव्हाच त्याचा उपयोग उरत नाही. हे ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची फरफट समजली. आजींच्या एकट्याच्या नावावर ठेव, आजींना काही कळेनासं झालेलं, आणि बँक म्हणतेय कोर्टाचा आदेश आणा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची जुनी तरतूद राहिली नाही, त्यामुळे मुलांना उच्च न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मिळवावी लागते. वैद्यकीय अहवाल, बाकीच्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी, सगळं लागतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची. ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगलीकरांना तेवढा प्रवास तरी वाचलाय. तरी बँकेत वेळेवर केलेल्या सहीपुढे हा रस्ता फार लांबचा.

मृत्युपत्राच्या वेळी वकिलांनी दादाला आणि मला बाहेर बसवलं आणि बाबांशी एकट्याने बोलले. मला तेव्हा जरा लागलं, पण तसंच हवं. घर कुणाला, हे बाबांनी सांगायचं होतं, आम्ही सुचवायचं नव्हतं. बाबा म्हणाले, आधी आईला, तिच्यानंतर दोघांना. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडला, दोन साक्षीदार घरच्यांपैकी नव्हते. घर मुलांच्या नावावर आत्ताच करून टाका म्हणणारे भेटलेच. आई त्या घरात राहते, तिच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या चांगुलपणावर का ठेवायचं?

अजून एक कागद बाबांनी स्वतःहून मागितला. त्यांच्या एका सहकाऱ्याचे शेवटचे महिने त्यांनी पाहिले होते. बरं होण्याची आशा उरली नाही तर नळ्या घालून, मशीनवर ठेवून ओढत नेऊ नका, असं त्यांना लिहून ठेवायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आई त्या दिवशी जेवली नाही. पण हरकतही घेतली नाही.

इथपर्यंत बाबा आमच्याबरोबर होते. पुढचं आम्हीच रेटतोय.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला हे दरवर्षीचं नाटक. ऐंशी पूर्ण झाली की केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, त्यामुळे आता तरी घाई नसते. बोटांचे ठसे झिजलेले. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, पण 'डोळे मिटा, उघडा' म्हटलं की बाबा डोळे घट्ट मिटतात ते उघडतच नाहीत. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात हे काम करतो, तो मार्ग आम्हाला मानवला. सकाळी यायला सांगायचं. संध्याकाळी नाही.

कारण संध्याकाळ आमची नसते. दिवस कलला की बाबा शर्ट घालून दाराशी. "नाइट आहे माझी." मी सांगायचे, बाबा, तुम्ही रिटायर झालात, वीस वर्षं होत आली. त्यावर ते इतके चिडायचे की हात थरथरायचे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर खरंच आहे: स्टेशनवर मास्तर नाही आणि घरची माणसं वाट अडवून उभी आहेत! ब्युरोकडून आलेल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ताई, वाद नका घालू. मास्तर, गाडी लेट हाय, चहा घ्या मग निघा." बाबा बसले. आईला मात्र ते पटेना. "पन्नास वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले नाही, आता बोलू?" तिने स्वतःचा मार्ग काढला. ती विचारते, "आज कुठली गाडी आहे?" मग बाबा सांगत बसतात, क्रॉसिंग कुठे, गाडी सोडायचं टोकन कुणाला दिलं, पंढरपूरच्या यात्रेला नॅरोगेजच्या डब्याच्या टपावर माणसं कशी बसायची. अर्ध्या तासात शर्टाची बटणं आपोआप सुटतात. तिला खोटंही बोलायला लागत नाही. याशिवाय अंधार पडायच्या आधी घरातले सगळे दिवे लावतो, पडद्यांच्या सावल्यांना ते घाबरतात म्हणून. दुपारची झोप आवरती घेतली.

ते एकदा स्टेशनवर जाणार हे उघड होतं. दाराला वर कडी बसवली, पण कडी कधीतरी उघडी राहणारच. म्हणून रिक्षा स्टँडवर, पेपरवाल्याकडे आणि स्टेशनवर आधीच सांगून ठेवलं, खिशात आणि मनगटावर नाव व फोन असलेलं कार्ड, माझ्या फोनमध्ये ताजा फोटो. गेले तेव्हा प्लॅटफॉर्मवरूनच फोन आला. माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचं नसतं, लगेच ११२ला कळवायचं.

औषधांकडून आम्ही फार अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या गोळीने नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी काढला. रात्री घेतलं की बाबांना भयंकर स्वप्नं पडायची. डॉक्टरांना विचारून ते सकाळवर आणलं. पुढे मेमँटिन हे दुसरं औषध सुरू झालं. आजार थांबत नाही, काहींना थोडा काळ थोडा आधार मिळतो, इतकंच डॉक्टर म्हणाले होते.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायची आहे. गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांत बाबा एकदम बिघडले. खिडकीशी पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा माणूस) उभा आहे, त्याला चहा द्या, म्हणायला लागले. रात्रभर जागे, मध्येच ग्लानी. नातेवाईक म्हणाले, आजार वाढला. डिमेन्शिया असा दोन दिवसांत वाढत नाही. लघवी तपासली तर संसर्ग. अँटिबायोटिकने पॉइंट्समन गेला. बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवीन गोळी यांनीही असं होतं. अचानक बदल दिसला की त्याच दिवशी डॉक्टर.

भेटायला येणारे दहा मिनिटं बसतात, बाबा त्यांना "या, बसा, प्रवास कसा झाला" म्हणतात, आणि पाहुणे आईला सांगून जातात, "आम्हाला तर ओळखलं की! तुम्ही उगीच बाऊ करता." अशा माणसांना मी आता सांगते, संध्याकाळी सात ते दहा या, तेवढ्यात आई देवळात जाऊन येईल. एक मावसबहीण खरंच यायला लागली.

आईचं आधी बघायला हवं हे दादाने ओळखलं. तो रोज करू शकत नाही, पण दर तीन-चार महिन्यांनी आठवडाभर येतो आणि त्या आठवड्यात आई मावशीकडे साताऱ्याला जाते. फोनवर "ह्यांनी खाल्लं का" विचारायला तिला आम्ही बंदी केलीय, ती पाळत नाही. वाईट रात्री मी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर बोलले आहे, मराठीत बोलता येतं. एल्डरलाइन १४५६७वर वृद्धांसाठीच्या सोयींची माहिती मिळते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२पासून या कामात आहे. करसवलत दादाने बघितली: जुन्या करपद्धतीत ८०डीडीबी कलमाखाली ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर एक लाखापर्यंत वजावट होती, न्यूरोलॉजिस्टचा लेखी कागद जोडून.

सध्या प्रश्न गिळण्याचा आहे. पाण्याने ठसका लागतो, म्हणून पातळ पदार्थ थोडे दाट करून, ताठ बसवून, चमच्याचमच्याने. मऊ भात भरवायला पाऊण तास लागतो. पुढे नाकातून नळी घालायची का, असं दादाने फोनवर विचारलं. डॉक्टर म्हणाले, या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, अन्न फुप्फुसात जाणंही टळत नाही. हाताने सावकाश भरवणंच बरं. बाबांच्या त्या कागदाची प्रत त्यांच्याकडे दिली आहे. दादा दिवाळीला येतोय. तेव्हा आई, तो, मी आणि डॉक्टर बसून बाबांनी लिहिलेलं एकदा पूर्ण वाचणार आहोत. आईने आत्तापर्यंत ते वाचलेलं नाही.