फ्रीमनांचे शेत, नेब्रास्का

लिंकन शहरातून दक्षिणेला सुमारे 40 मैल गेले की बिॲट्रिस हे गाव लागते. त्याच्या नावातल्या मधल्या 'ॲट'वर जोर द्यायचा, हे मला तिथल्या पेट्रोल पंपावरच शिकवण्यात आले. गावाच्या पश्चिमेला चारेक मैलांवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. गेल्या सप्टेंबरात मी तिथे गेले ती एका शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास त्याच्याच जमिनीवर उभे राहून समजून घ्यावा, एवढ्याच ओढीने.

20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा 21 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने 160 एकरांवर हक्क सांगायचा, पाच वर्षे तिथे राहून जमीन कसायची आणि किरकोळ शुल्क भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची, असा तो कायदा होता. तो 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी ब्राउनव्हिलच्या जमीन कार्यालयात डॅनियल फ्रीमनने आपला अर्ज नोंदवला. कारकुनाची मनधरणी करून त्याने मध्यरात्रीनंतर लगेचच कार्यालय उघडायला लावले, अशी कथा इथे आवडीने सांगितली जाते.

डॅनियलचा जन्म 1826 मध्ये ओहायोत झाला. त्याचे आईवडील आधी न्यूयॉर्क राज्यात आणि पुढे इलिनॉयमध्ये गेले. म्हणजे नेब्रास्का हा त्या घराण्याच्या लांबलचक स्थलांतराचा शेवटचा मुक्काम होता. तो वैद्यकही शिकला होता. जमीन मात्र त्याने जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेने निवडली, हे नकाशा पाहताच पटते. सलग चौरस न घेता त्याने 40 एकरांचे चार तुकडे असे जोडले की शेताचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा झाला आणि कब क्रीक हा ओढा त्याच्या काठच्या झाडांसह हद्दीत आला. झाडे विरळ असलेल्या त्या गवताळ मुलखात घरासाठी आणि सरपणासाठी लाकूड मिळणे हीच मोठी अडचण होती. कुंपणालाही लाकूड नाही, म्हणून फ्रीमनांनी ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई लावली. दक्षिण हद्दीवरच्या त्या वईखाली हिरवी, सुरकुतलेली, चेंडूएवढी फळे पडली होती. त्यातले एक मी बराच वेळ हातात धरून बसले.

पाच वर्षांनंतर केलेल्या कामाचा जो पुरावा त्याला सादर करावा लागला, तो माझ्या मते या घराण्याचा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. 14 बाय 20 फुटांचे घर, नांगरलेली सुमारे 35 एकर जमीन, तबेला, मेंढ्यांसाठी 100 फूट लांबीचा गोठा, मक्याची कणगी, सफरचंदाची 40 आणि पीचची सुमारे 400 झाडे त्यात नोंदलेली आहेत. एवढी झाडे रोपांपासून जगवणे एकट्या माणसाचे काम नव्हे. पण जमिनीची सनद एकट्या डॅनियलच्या नावाची आहे. अविवाहित स्त्री किंवा विधवा यांना हा कायदा जमीन देत असे. नवरा हयात असलेल्या बाईला स्वतःचा हक्क सहसा सांगता येत नसे.

डॅनियलच्या बाबतीत ती बाई म्हणजे आयोवातल्या ल क्लेअरची ॲग्नेस सूटर. तिचे लग्न डॅनियलचा भाऊ जेम्स याच्याशी ठरले होते, पण तो यादवी युद्धाच्या काळात मरण पावला. डॅनियलची पहिली पत्नी 1861 मध्येच वारली होती. दोन दुःखी माणसांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला आणि 1865 मध्ये त्यांचे लग्न झाले. एका ओसाड दावेदारीचे घर झाले ते तिच्या येण्याने, असे त्या ओढ्याकाठी फिरताना मला फार वाटत राहिले. तिथेच त्यांची मुले वाढली.

जवळच 1872 मध्ये सुरू झालेली विटांची फ्रीमन शाळा आहे. तिथे शिक्षिका बायबलचे वाचन करून घेत, याला डॅनियलने हरकत घेतली आणि प्रकरण नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 1902 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडलेला होता.

या जमिनीचा इतिहास मात्र फ्रीमनांपासून सुरू होत नाही. हा ओटो-मिसूरिया या मूळनिवासी लोकांचा मुलूख. 1854 च्या तहाने त्यांच्याकडे बिग ब्लू नदीकाठची राखीव जमीन तेवढी उरली आणि 1881 मध्ये त्यांना तिथूनही आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. 'फुकट जमीन' हा शब्द उच्चारताना ही गोष्ट सोबत सांगितलीच पाहिजे.

डॅनियल 1908 मध्ये वारला. ॲग्नेस त्यानंतर 23 वर्षे जगली. त्यांच्या शेतावर 1939 पासून पुन्हा रुजवलेले उंच गवत आता माझ्या डोक्याच्या वर गेलेले होते. त्यातल्या पायवाटेने शेताच्या पूर्व टोकाला गेले, तर तिथे दोघांच्या समाध्या आहेत. सनदेवर नसलेले ॲग्नेसचे नाव मी तिथे उभी राहून वाचले.