कूलरशेजारचं टेबल बसलं, चपड्याने परत उभं केलं

मंडळी, माझं पुठ्ठ्याचं तिसरं टेबल गेलं. तेच सव्वातीन किलोचं, जे मी जळगाव ते धुळे यष्टीत मांडीवर घेऊन गेलो होतो आणि परतही आणलं. रविवारी दुपारी लिहिता लिहिता डावीकडचा पुढचा पाय हळूच खाली बसला, आवाजसुद्धा नाही.

आधी वाटलं थ्री प्लाय (दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर) वापरला तिथंच चुकलं. पण फ्लूट, म्हणजे त्या थराच्या नागमोडी घड्या, उभेच होते, क्रीजही (दुमडीच्या रेषा) स्वच्छ, आणि उजवीकडचे पाय ठणठणीत. मग हात लावून बघितलं तर डावी बाजू गार आणि मऊ, म्हणजे कूलरकडची! मे महिन्यात इथं कूलर रात्रंदिवस चालतो आणि मी पुठ्ठा फक्त फरशी पुसण्याच्या पाण्यापासून जपत बसलो होतो, हवेतली ओल डोक्यातच आली नाही. कागद ती ओढून घेतो, आणि फ्लूट चिकटवलेले असतात स्टार्चने, तोही ओलीत ढिला पडतो.

खात्री करायला एकाच शीटचे दोन त्रिकोणी पाय केले, एक रात्रभर कूलरसमोर, दुसरा लोखंडी कपाटात. सकाळी भिंतीच्या आधाराने एकेकावर फळी आणि वीस लिटरचे पाण्याचे जार चढवले. कोरड्याने ३ जार घेतले, म्हणजे ६० किलो. ओला दुसऱ्या जारलाच बसला. घरमालकीण मावशी दारात उभ्या राहून विचारत होत्या, "भाऊ, हे काय चाललंय?" मी म्हटलं मावशी, जरा तो जार धरा.

आता उपाय. ऑइलपेंट जड होतो, पाण्याचा रंग लावला की पुठ्ठा पापडासारखा वळतो. शेवटी सुताराचा चपडा आठवला, म्हणजे पॉलिशसाठीची लाख. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, गॅस बंद ठेवून खिडकीपाशी दोन हात मारले. स्पिरिट उडून जातं त्यामुळे पुठ्ठा वळतच नाही! कापलेल्या कडांना फ्लूटची तोंडं उघडी राहतात, तिथं आधीच खळीने क्राफ्टची (जाड तपकिरी कागदाची) पट्टी लावली होती (खळीत चिमूटभर मोरचूद घालाच, नाहीतर कसर लागते). हा चपडा लावलेला पाय रात्रभर कूलरसमोर ठेवून सकाळी ३ जार चढवले, उभा! खूप बरं वाटलं.

पुठ्ठ्याबद्दल एक सांगतो, फाइव्ह प्लाय (दोन नागमोडी थरांचा) म्हणून मिळतो तो सगळा सारखा नसतो. मागच्या वेळचा नुसता बोटाने दाबला तरी खड्डा पडायचा. त्यापेक्षा केळीची निर्यातीची खोकी बरी, रावेर-सावद्याकडून येणारा माणूस असेल तर दोन मागून ठेवा.

आता पुढचं पुस्तकांचं कपाट फाइव्ह प्लायमध्ये करणार होतो, पण हे लिहितानाच विचार बदलला. इथं जळगावच्या फुले मार्केटात कापडाच्या थानातल्या कागदी नळ्या दुकानदार टाकूनच देतात. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं बांधली, खाली पाया म्हणून वाळू भरलेले बिअरचे क्रेट, म्हणजे नळी जमिनीच्या ओलीपासून वर. पुढं २००१ ला भूजमध्येही त्यांनी नळ्यांचं घर केलं. नळीला फ्लूटची तोंडंच नाहीत, फक्त दोन टोकं सांभाळायची. आणि पाइपांच्या गावात राहून खालच्या टोकाला पीव्हीसीची एंड कॅप बसवायचं आधी का सुचलं नाही! उद्या संध्याकाळी नळी काखेत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जातो, कुठली कॅप घट्ट बसते ते तिथंच लावून बघतो.