पी-४९ चावतं, तरी सोडवत नाही

बर्नजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर शनिवारी पुन्हा पी-४९ पिस्तूल घेऊन गेलो आणि अंगठ्याच्या बेचक्यात परत चिमटा बसला, हॅमर (मागचा घोडा) मागे येताना चावतो हे माहीत असूनही मी पकड वर सरकवतोच, सवय म्हणा नाहीतर हट्ट. १९४९ साली स्विस आर्मीने घेतलेलं हे सिग या स्विस कंपनीचं ९ एमएमचं पिस्तूल, सिव्हिलियन नाव पी-२१०. यातली खरी गंमत म्हणजे स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) बाहेरून नाही तर आतल्या खाचांतून सरकते, त्यामुळे खडखड अजिबात नाही, मी ज्या पिस्तुलांनी नेमबाजी केलीये त्यात सगळ्यात नेमकं हेच. फक्त मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सोडायचा खटका मुठीच्या तळाशी, म्हणजे दुसरा हात लागतोच.

याच्या आधी आर्मीकडे लुगर हे जर्मन बनावटीचं पिस्तूल होतं. १९०० मध्ये ते सगळ्यात आधी स्विसांनीच घेतलं, जर्मनांनी नंतर, आणि काडतूस ७.६५ एमएमचं. माझ्याकडे बर्नच्या कारखान्यातलं ०६/२९ मॉडेलचं लुगर आहे, टॉगल (वरचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा) एकदम गुळगुळीत, त्यावर ढालीतला क्रॉस. बाजूला ‘पी’ शिक्का आहे, म्हणजे ते आर्मीतून खाजगी मालकीत आलंय. काहीजण असा शिक्का बघून नाक मुरडतात, मला उलट तोच आवडतो. घेताना मी आधी वेगवेगळ्या भागांवरचे नंबर जुळतात का ते बघतो, चकाकी नंतर, कारण पुन्हा पॉलिश मारलेलं पिस्तूल फोटोत भारी दिसतं आणि हातात घेतलं की अक्षरांच्या कडा पुसट झालेल्या असतात.

आता स्विस आर्मीचंच १८८२ चं रिव्हॉल्व्हर शोधतोय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.