कार्टर यांचं गोदाम

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जिमी कार्टर यांचा विषय निघाला की सगळे थेट व्हाइट हाउसवर जातात. मला त्यांच्या गोदामात जास्त रस. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्ससारख्या इवल्याशा गावात भुईमुगाचा धंदा करून राजकारणात उतरलेला माणूस मला परका वाटत नाही.

१९५३मध्ये वडील वारले, तेव्हा कार्टर नौदलाच्या पाणबुडी विभागात अधिकारी होते. नोकरी सोडून ते गावी आले. बायकोला, रोझलिनना, हे अजिबात पटलं नव्हतं. त्यात १९५४ला दुष्काळ. वर्षाचा नफा तीनशे डॉलरलाही पोचला नाही. पुढे रोझलिनच हिशेबाला बसल्या आणि धंदा सावरला. शेतकऱ्यांना बियाणं-खत द्यायचं, काढणीला माल घ्यायचा, असं ते काम.

आमच्याकडेही काही वेगळं नाही. पावसाआधी बागायतदार खतासाठी उचल नेतो, मार्चपासून बी आणून घालतो, रक्कम वळती होते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली बी काढायची, तिच्यात नख रुतलं तर माल ओला, दर कमी. यावरून भांडणं होतात आणि चहावर मिटतात. मतांवरून झालेली मिटत नाहीत. मागे कारखान्याच्या गेटवर मी कुठल्याच पक्षाचा बॅनर लावू दिला नाही. आमचा दिवाणजी तेव्हाच म्हणाला होता, "भाऊ, अशान गिराईक तुटतला हां." एका काकांनी खरंच त्या हंगामात आपली बी दुसरीकडे घातली.

बॅनरचं काय, किरकोळ गोष्ट. कार्टर यांच्यापुढे आलेला प्रसंग जड होता. पन्नाशीच्या दशकात शाळांतला वर्णभेद टिकवण्यासाठी दक्षिणेत गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' निघाल्या. प्लेन्समध्ये सभासद व्हायला कार्टर यांनी नकार दिला. वर्गणी पाच डॉलर. गिऱ्हाइकांपैकीच काही जण येऊन म्हणाले, पैसे आम्ही भरतो, तू फक्त नाव दे. तरी नाहीच. मग काहींनी व्यवहार तोडला. तो बहिष्कार फार टिकला नाही, पण टिकणार नाही हे त्या दिवशी त्यांना कुठे ठाऊक होतं?

१९६२च्या राज्य सिनेटच्या निवडणुकीची गोष्ट तर आमच्या नाक्यावर कुणालाही सांगावी, लगेच कळेल. क्विटमन काउंटीत जो हर्स्ट नावाचा स्थानिक पुढारी मतदान केंद्रात उभा राहून लोकांची मतं पाहायचा. मतदार कमी, मतपत्रिका जास्त. मेलेल्यांचीही मतं पडलेली. कार्टर हरले, कोर्टात गेले, पेटी उघडायला लावली आणि जागा मिळवली.

म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवायला मात्र मी तयार नाही. १९६६ला गव्हर्नरपदासाठी हरल्यावर १९७०ला त्यांनी वर्णभेदवाद्यांची मतं मिळतील अशा बेताने प्रचार केला. निवडून आले आणि १९७१च्या शपथविधीच्या भाषणात वर्णभेदाचा काळ संपला असं जाहीर केलं. भाषण मोठंच, पण मतं घेताना तोंड का शिवलं होतं? मधल्या काळात त्यांच्या आई लिलियन अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून विक्रोळीला आल्या होत्या. मला या घरात त्याच जास्त भावतात.

राष्ट्राध्यक्ष होताना कार्टर यांनी धंदा विश्वस्ताच्या हाती सोपवला; स्वतः लक्ष घालायचं नाही असा करार. १९८१ला परतले तेव्हा डोक्यावर सुमारे १० लाख डॉलरचं कर्ज. दुष्काळाची वर्षंही मध्ये येऊन गेलेली. शेवटी गोदाम विकावं लागलं. हे सांगितलं तेव्हा दिवाणजीचा विश्वासच बसेना. आमच्याकडे माणूस नुसता सभापती झाला तरी पुढच्या मे महिन्यात त्याच्या गाळ्यावर दुसरा मजला चढतो.