उंदीर आत्ता कुठे आहे

"घरात लहान मूल नाही, मग ही चित्रांची पुस्तकं कुणासाठी?" धंतोलीतल्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. वरच्या फळीवर नेमाडे, एलकुंचवार आणि खालच्या फळीवर ससे, उंदीर, आगगाड्या. परवा चहा घेता घेता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. ती माझ्यासाठी आहेत. दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं मी एकाच ओढीनं वाचते.

'गुडनाइट मून' घ्या. १९४७ सालचं पुस्तक. शब्द मार्गारेट वाइज ब्राउन यांचे, चित्रं क्लेमेंट हर्ड यांची. सशाचं पिल्लू झोपण्याआधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं, गोष्ट एवढीच. पण खोलीच्या प्रत्येक रंगीत चित्रात एक उंदीर नव्या जागी बसलेला असतो. घड्याळात सुरुवातीला सात वाजलेले असतात, शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. चंद्र खिडकीत वर चढत जातो. शब्द यातलं काही सांगत नाहीत.

घड्याळ मला शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीनं दाखवलं. मे महिन्याची दुपार, कूलरसमोर सतरंजी, त्यावर आम्ही दोघी पालथ्या पडलेल्या. "आजी, काटा हलला, पहा न!" घड्याळ वाचता येत नव्हतं तिला अजून. मी मात्र इतकी वर्षं नुसते शब्दच वाचत होते.

त्याच खोलीच्या भिंतीवर एक चित्र टांगलेलं आहे: सशाची आई गळ टाकते आहे आणि गळाला गाजर लावलंय. हे त्याच जोडीच्या १९४२ सालच्या 'द रनअवे बनी'मधलं दृश्य. एका पुस्तकातला प्रसंग दुसऱ्या पुस्तकातल्या घराची तसबीर झालेला! ते ओळखू आलं तेव्हा मला चांगदेव पाटील आठवला.

भालचंद्र नेमाड्यांच्या चार कादंबऱ्यांतला हा चांगदेव. 'बिढार' आणि 'हूल' १९७५च्या, 'जरीला' १९७७ची, 'झूल' १९७९ची. मी आधी 'जरीला' वाचली, कारण वाचनालयात त्या दिवशी तेवढीच जागेवर होती. वाचताना सारखं वाटायचं, या माणसाच्या मागे पुष्कळ काही घडून गेलेलं आहे आणि ते कुणी मला समजावून सांगणार नाही. मग 'बिढार' मिळाली आणि त्याच्या मुंबईतल्या दिवसांत मी उलट्या पावली शिरले. गाव बदलतं, कॉलेज बदलतं, खोली बदलते. एक कादंबरी संपून दुसरी हाती येईपर्यंतच्या काळात तो कसा राहिला असेल, हे मी रात्री पडल्या पडल्या मनात भरून काढायची. क्रमानं वाचायलाच हवं, असं म्हणतात. मला ते पटत नाही.

फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनं तर नव्वदहून अधिक कथा-कादंबऱ्यांत एकच समाज वसवला. १८३५च्या कादंबरीत खाणावळीत राहणारा गरीब विद्यार्थी रास्तिन्याक, पुढे भलत्याच पुस्तकात मंत्री म्हणून भेटतो. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांची वाड्याची नाट्यत्रयी आहेच. 'वाडा चिरेबंदी'तला पोरसवदा पराग पुढच्या नाटकात मोठा होऊन समोर येतो, तेव्हा मला नात्यातलाच कुणी वर्षांनी भेटल्यासारखं होतं. त्या पहिल्या नाटकातला दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर मी कधीच विसरले नाही. घराचं काय होत चाललंय, हे तो मुकाट्यानं सांगतो. माझ्या लेखी तो ट्रॅक्टर आणि तो उंदीर एकाच जातीचे. लेखकानं बोट दाखवलेलं नसतं, पण तिथं काळ सरकत असतो आणि जो थांबून पाहील त्याला तो दिसतो.

तुम्ही परवा चाळून परत ठेवलेलं सशाचं पुस्तक मी बाजूला काढून ठेवलंय, 'जरीला'ही त्याच्याखाली आहे. रविवारी आलात की दोन्ही घेऊन जा. सशाचं आधी. आणि पहिल्या वेळी शब्द वाचू नका, उंदरापासून सुरुवात करा.