पाव तीस म्हणजे किलो किती?

आमच्या ठाण्यात वर्तकनगरला नाक्यावर भाजीवाल्या मावशींना भेंडीचा भाव विचारा, उत्तर येणार "पाव तीस". मुद्दाम किलोचा विचारलात तरी "घे गं, पाव तीस लावते, कोवळी आहे बघ". पाव तीस कानाला बरं वाटतं, हात आपोआप टोपलीकडे जातो, पण हिशोब केला तर किलो एकशेवीस झाले, आणि तीच भेंडी त्याच सकाळी जांभळी नाक्याच्या भाजी बाजारात सत्तर-ऐंशीने चाललेली असते. मावशींवर राग नाही हां माझा, पहाटे उठून माल आणायचा, दिवसभर उन्हात बसायचं, उरलेलं सुकलं की तोटा त्यांचाच, तेव्हा चार पैसे जास्त घेणारच. पण घरखर्च कमी करायचा म्हटलं की लोक लगेच चहा सोडा, हॉटेल बंद करा, असले सल्ले द्यायला लागतात ना, ते मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे काहीही न सोडता महिन्याचा खर्च खाली आलाय, तो फक्त प्रत्येक वस्तू किलोवर नाहीतर लिटरवर आणून बघायची सवय लावल्यामुळे.

सगळ्यात जास्त गंमत तेलात आहे. एक लिटर खायचं तेल म्हणजे वजनाला साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटरच असं आपण धरून चालायचो, आता शेजारी शेजारी ठेवलेल्या पिशव्यांत एक ९१० ग्रॅमची असते, एक ८७०, एक ८५०, काही तर ८०० ची पण दिसते, आणि आकार, फुगवटा, रंग सगळं सारखंच. परवा सासूबाई सोबत होत्या, त्यांनी दोन पिशव्या दोन हातांत धरून म्हटलं, "अगं ही हलकी लागतेय." मी म्हटलं आई थांबा, मागे वाचते. एक १६५ ला ९१० ग्रॅम, दुसरी १५८ ला ८५० ग्रॅम. म्हणजे महाग दिसणारी किलोला १८१ पडते आणि स्वस्त दिसणारी १८६. आई तेव्हापासून चष्मा घेतल्याशिवाय किराण्याला येत नाहीत आणि दुकानातल्या पोऱ्याला पण वाचायला लावतात, तो बिचारा आम्हाला बघून आत पळतो.

तुम्हाला एवढं गणित नको असेल तर सोपा उपाय आहे. हल्ली पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, एक ग्रॅम किंवा एक मिलिलिटर कितीला पडतो तो आकडा, किलोच्या वरचं पाकीट असेल तर थेट किलोचा. ०.१९ रुपये ग्रॅम लिहिलं असेल तर हजाराने गुणा, १९० रुपये किलो, झालं. फक्त एक लक्षात ठेवा, हा आकडा एमआरपीवर काढलेला असतो, दुकानात सूट असेल तर तुमचा तुम्ही धरायचा. आणि मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हे डोक्यातून काढून टाका. शाम्पूचं बघा, एक-दोन रुपयांच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. (कचरा होतो ते वेगळं, म्हणून आमच्याकडे बाटलीच येते, सगळीकडेच पैसा बघायचा असं काही नाही.) दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवर तर वस्तूचा भाव एक आणि खाली हँडलिंग, डिलिव्हरी, छोट्या ऑर्डरचा चार्ज असं शेपूट लागतं, त्यामुळे एक कोथिंबिरीची जुडी मागवायची असेल तर शेवटची रक्कम बघून मग ठरवा.

गव्हाचं सगळ्यांना माहितीच आहे. लोकवन घ्या, निवडा, गिरणीतून दळून आणा, पाकिटातल्या पिठापेक्षा स्वस्तच पडतं आणि पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ. निवडायला वेळ कुणाला आहे हा प्रश्न खरा आहे, आमच्याकडे ते सासरे टीव्ही बघता बघता करतात म्हणून चाललंय.

आता लाइट बिल. इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, की महावितरणचा शंभर युनिटचा टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. तसं नसतं. पहिली शंभर पहिल्याच दराने, १०१ ते ३०० त्याच्या पुढच्या, मग ३०१ ते ५००, मग त्याच्यावर. पण पहिल्यावरून दुसऱ्यात गेलं की वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा आकार) धरूनसुद्धा दर जवळपास दुप्पट होतो, वर १६ टक्के वीज शुल्क. याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते वरच्या टोकाचं असतं, म्हणजे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट. सरासरी काढून "युनिटमागे सात रुपये वाचले" म्हणणारे म्हणून चुकतात, जास्त वाचलेले असतात.

त्यामुळे मी एसीच्या आधी पंख्यांकडे बघते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास. ठाण्याच्या दमट हवेत पंखा दिवसाला बारा तास तर चालतोच, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, दुसऱ्या टप्प्याच्या दराने धरलं तर दीड-दोनशे रुपये. अडीच-तीन हजाराचा पंखा दीडेक वर्षात फिटतो, आणि तो बदलताना कुणाच्या आरामाला हात लागत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की चालतोय तो पंखा कशाला काढायचा, तेव्हा मी बेडरूमचा एकच बदलला, बाकीचे दोन मग त्यांनीच आणले. एसी २६ वर ठेवून पंखा मंद लावला की पुरतं, एक डिग्री वर केली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा बचतवालेच सांगतात. गॅसचं थोडक्यात, डाळ आणि कडधान्यं भिजवून लावा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, पाइपगॅसचं बिल येतं तेव्हा दिसतं.

औषधांत पण हेच, फक्त मापाऐवजी नाव बघायचं. सासऱ्यांना बीपी आणि शुगरच्या गोळ्या कायमच्या. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि खरं औषध बारीक अक्षरात, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन वगैरे. तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात खूप कमी किमतीत मिळतं. डॉक्टरांना विचारूनच बदललं, त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे कुठे वाचले विचाराल तर इथे, तेल आणि भेंडी त्याच्यापुढे काहीच नाही.

आणि काही ठिकाणी मी हिशोब करत नाही. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरच्या बायका शेवळं, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या घेऊन स्टेशनच्या बाजूला बसतात, तिथे जुडीचा जो भाव सांगतील तो द्यायचा. शेवळं कुठे किलोवर घेतात का. तसंच अर्धा किलो टोमॅटोसाठी रिक्षा करून जांभळी नाक्याला जाणं हा निव्वळ वेडेपणा, आठवड्याची भाजी असेल तरच जायचं आणि येताना शेअर रिक्षा.

कांद्याचं मात्र उन्हाळ्यातच उरकायचं. एप्रिल-मे मध्ये उन्हाळ कांदा येतो तो चार-पाच महिने टिकतो, थंडीतला लाल कांदा भरून ठेवलात तर कोंब तरी येतील नाहीतर सडेल. आमच्या मजल्यावरची चार घरं मिळून नवी मुंबईत तुर्भ्याच्या घाऊक कांदा-बटाटा मार्केटमधून ५० किलोची गोणी आणतो, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना पेट्रोलचे पैसे सगळे मिळून देतो, आणि जिन्यात वर्तमानपत्र पसरून वाटणी होते. भांडण होतं ते गोल्टीवरून, बारीक कांदे कुणालाच नको असतात, शेवटी चार सारखे ढीग करून लहान मुलाला बोट ठेवायला लावतो. यंदा पाचवं घर घ्यायचं का यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. माझं मत नको असं आहे, वाटणीला दहाच किलो येणार आणि तेवढ्यासाठी मे महिन्याच्या उन्हात तुर्भ्याला कोण मरायला जाईल.